साहेबाच्या नजरेतला रहीम

हिंदीच्या पाठ्यपुस्तकात आपल्याला रहीम भेटतो तो दोह्यांपुरता. अर्थ लिहा, अलंकार ओळखा, मार्क घ्या, की संपला रहीम. दोहे त्याने लिहिले खरे, पण नोकरी सांभाळून. अब्दुर्रहीम खानखाना हा जन्मभर चाकरीतला माणूस. अकबर आणि जहांगीर असे दोन बादशहा त्याचे साहेब, पन्नास वर्षांहून जास्त चाकरी, आणि त्यातली मोठी मुदत तापीकाठच्या बऱ्हाणपुरात. मोगलांच्या दख्खन कारभाराचं ठाणं तिथे होतं. साहेब मात्र कधी आग्र्याला, कधी लाहोरला, कधी काश्मिरात.

आपलं नशीब असं, की यातल्या एका साहेबाने, म्हणजे जहांगीराने, स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्या. हाताखालच्या माणसाबद्दल वरच्याचं मत कशाने चढतं नि कशाने उतरतं, हे एरवी बाहेर येत नाही; गोपनीय अहवाल कपाटातच राहतो. रहीमचा तेवढा आपल्यापुढे उघडा पडलेला आहे, म्हणून हा लेख.

रहीमचा जन्म १७ डिसेंबर १५५६ चा, लाहोरचा. बाप बैरामखान. हुमायूनचा जुना सरदार आणि पोरवयातल्या अकबराचा पालक. पुढे अकबराने कारभार हातात घेतला, बैरामखान बिथरला, बंड केलं, हरला, माफी मिळाली आणि मक्केला जाता जाता १५६१ मध्ये गुजरातेत पाटणला त्याचा खून झाला. रहीम तेव्हा चार वर्षांचा. अकबराने त्याला दरबारात आणवलं आणि वाढवलं. ज्याने बंड केलं त्याच्या पोराला घरात घेतलं, ही अकबराची दिलदारी. पण बापाची फाईल पोराच्या फाईलला तेव्हाच जोडली गेली. ती पुढे बासष्ट वर्षांनी कुणीतरी उघडली, ते येईलच.

पोरगा हुशार निघाला. फारसी, तुर्की, अरबी येत होती, हिंदीही. १५७३ च्या गुजरात स्वारीत तो अकबराबरोबर होता. १५८० मध्ये त्याला मीर अर्ज नेमलं. लोकांचे अर्ज बादशहापुढे नेणारा तो हा अधिकारी. कुठला अर्ज कधी पुढे करायचा आणि साहेबाचा मूड कसा ओळखायचा, हे शिकायला याहून चांगली जागा कुठली असणार? मग शहजादा सलीमचा अतालिक, म्हणजे शिक्षक-पालक. हाच सलीम पुढे जहांगीर झाला. १५८४ च्या सुरुवातीला रहीमने अहमदाबादजवळ सरखेजला मुजफ्फरशहाला हरवलं, ते मदतीची फौज येण्याची वाट न पाहता. खानखाना हा किताब आणि पाच हजारी मनसब त्याला मिळाली. १५८९ मध्ये बाबराचं आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणून त्याने अकबराच्या हाती दिलं. मग सिंध जिंकला. इथवरचा आलेख सरळ वर जाणारा, आणि त्याचं एक कारण साधं होतं. काम साहेबाच्या डोळ्यांपुढे किंवा निदान एकट्याच्या जबाबदारीवर होत होतं. यश कुणाचं, याबद्दल वाद नव्हता.

दख्खनला आला आणि हे बदललं.

१५९५ मध्ये अहमदनगरवर दोन फौजा निघाल्या. गुजरातेतून शहजादा मुराद आणि माळव्यातून रहीम. मुरादला घाई. रहीम मात्र वाटेत खानदेशचा फारूकी सुलतान राजा अलीखान याला जोडीला घेत, सावकाश. शहजादा भडकला. शेवटी रहीम फौज मागे ठेवून चांदवडजवळ त्याला गाठायला धावला, तर शहजाद्याकडून स्वागताला माणूस नाही, आणि भेट झाली ती कपाळावरच्या आठ्यांनी. अहमदनगरला वेढा पडला तरी ती आठी गेली नाही. फिरिश्ता सांगतो, की तटाखाली सुरुंग पेरले तेव्हा मुरादच्या गोटाने रहीमला कळू न देता ते उडवायचं ठरवलं, श्रेय आपल्यालाच मिळावं म्हणून. सुरुंगांची बातमी रहीमला नसली तरी आत चांदबिबीला लागली. तिने त्यातले काही निकामी करवले, एकाने तट फुटला तर रातोरात भिंत उभी केली. १५९६ मध्ये वऱ्हाड घेऊन तह करावा लागला. आता सांगा, बादशहापर्यंत गेलेल्या पत्रांत दोष कुणाचा लिहिला असेल? शहजाद्याचा तर नाहीच.

पुढच्याच वर्षी गोदाकाठी आष्टीजवळ विजापूरच्या सुहेलखानाच्या मोठ्या फौजेशी रहीमची गाठ पडली. मुराद या लढाईला आला नाही. दोन दिवस झुंज झाली, रहीम जिंकला. पण या लढाईतली जी गोष्ट सांगायची ती रहीमची नाही, राजा अलीखानाची आहे. बऱ्हाणपूरची जामा मशीद ज्याने बांधवली, जिच्यात अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तोच हा. पहिल्या दिवशी संध्याकाळी अंधार पडला आणि राजा अलीखान कुठे दिसेना. दख्खनचा माणूस, मूळचा मोगलांचा नव्हे. लगेच बोलबाला झाला की तो पळाला, नाहीतर शत्रूला मिळाला. मोगल शिपायांनी त्याचा तळ लुटला. सकाळ झाली तेव्हा तो सापडला, रणात, आपल्या माणसांसह मरून पडलेला. एका रात्रीपुरता तो गद्दार ठरला होता, फक्त दिसत नव्हता म्हणून. त्याला बऱ्हाणपूरला आणून दफन केलं.

रहीमने हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. यातून काय घ्यायला हवं होतं, ते त्याने घेतलं असं त्याच्या पुढच्या वागण्यावरून मला तरी वाटत नाही.

मुरादशी पटेना म्हणून १५९८ मध्ये अकबराने त्याला परत बोलावलं. पुढच्या वर्षी मुराद दारूने मेला. त्याच्या जागी शहजादा दानियाल आला, तो रहीमचा जावई. १६०० मध्ये अहमदनगर पडलं, १६०१ मध्ये अशीरगड, आणि बऱ्हाणपूर मोगलांचं झालं. दानियालही पिणारा. अकबराने रहीमला बजावलं, याची दारू तोडा. रहीमने पहारे बसवले. तर दानियालने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीत भरून दारू मागवली. आतला गंज आणि जुनी दारू पोटात गेली, आणि १६०५ मध्ये बऱ्हाणपुरातच तो गेला. ही हकीकत जहांगीरानेच लिहिली आहे, म्हणजे पहारे होते हे त्याला मान्य होतं. पण विचार करा, सुपरवायझर म्हणून नेमलेल्या माणसाच्या देखरेखीत बादशहाचा मुलगा मेला. पहारे बसवले होते, हे सांगून त्या बापाचं समाधान कसं होणार?

त्याच वर्षी अकबर गेला आणि जुना विद्यार्थी साहेब झाला.

१६०८ मध्ये रहीम बऱ्हाणपुराहून दरबारी आला. जहांगीराने हा प्रसंग फार मायेने लिहिलाय. आनंदाने म्हातारबुवांना भानच नव्हतं, पायावर लोटांगण घातलं, मग बादशहाने उठवून मिठी मारली. मोत्यांच्या दोन माळा, माणकं, पाचू, सगळं मिळून तीन लाखांच्या घरातला नजराणा. बादशहाकडूनही उत्तम घोडा आणि हत्ती मिळाले. तोवर मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली होती आणि दख्खनचं काम रखडलं होतं, पण त्या भेटीत ते कुणाला आठवलं नाही. बऱ्हाणपुरातल्या वर्षांचं काम एका बाजूला आणि एका सकाळचं लोटांगण दुसऱ्या बाजूला, आणि पारडं कुठे झुकलं ते दिसतंय. समोर येणं, वाकणं, डोळ्यांत पाणी येणं, याचा साहेबावर असा परिणाम होतो. म्हणून रहीम ढोंगी होता असं नाही. शिष्य गुरूला भेटला, तेव्हा दोघांनाही खरंच भरून आलं असेल.

पण त्याच भरात रहीमने एक चूक केली. त्याने लिहून दिलं: आणखी बारा हजार स्वार आणि दहा लाख रुपये द्या, दोन वर्षांत दख्खनचं काम संपवतो. नाही जमलं तर मी गुन्हेगार. एवढी वर्षं दख्खनमध्ये काढलेल्या माणसाने हे लिहून द्यावं! मलिक अंबरची गनिमी लढाई, त्याचे मराठे बारगीर, घाटमाथ्यावरची दाणागोट्याची टंचाई, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? साहेब खूश आहे तेव्हा मोठा आकडा तोंडातून जातो, आणि साहेब तो विसरत नाही.

दोन वर्षांनी काय झालं? शहजादा परवेझ नावाचा सरसेनापती म्हणून बऱ्हाणपुरात येऊन बसला. रहीम भलत्या दिवसांत बालाघाटात फौज घेऊन चढला. सरदारांत भांडणं, धान्य नाही, जनावरं मेली, शेवटी मानहानीचा तह करून परत यावं लागलं. अहमदनगरचा किल्लाही हातचा गेला. मदतीला पाठवलेला खानजहान लोदी तरुण आणि महत्त्वाकांक्षी. त्याने बादशहाला पत्र धाडलं, की हे सगळं खानखानाच्या दुटप्पीपणामुळे झालं. एकतर त्याच्यावरच सगळं सोपवा, नाहीतर त्याला परत बोलवा आणि मला तीस हजार स्वार द्या, मी दोन वर्षांत काम करून दाखवतो. नाही केलं तर तोंड दाखवणार नाही. बघा, मुदतही तीच, दोन वर्षं. जहांगीराला हा मजकूर पटला. १६१० मध्ये महाबतखानाला पाठवून रहीमला परत नेलं.

दुटप्पीपणा हा शब्द इथे नीट पाहायला हवा. खानजहानने रहीम नालायक आहे असं लिहिलं नाही. तो अप्रामाणिक आहे, असं लिहिलं. कामात अपयश आलं तर त्याला कारणं असतात, पाऊस असतो, चारा नसतो. नियतीवर शंका आली की सगळी कारणं बहाण्यासारखी दिसायला लागतात. आणि रहीमचं वागणं अशा शंकेला जागा देणारंच होतं. दख्खनी सरदारांशी त्याचा पत्रव्यवहार, गाठीभेटी, तडजोडी. त्याच्या मते राज्य चालवायचं तर शेजाऱ्याशी बोलायला लागतं. मोहीम संपली तर दख्खनमधली आपली गरज संपेल, म्हणून तो ती लांबवतो, असं त्याचे विरोधक म्हणत. यातलं खरं काय? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं. पण आग्र्यात बसलेल्याला वाटाघाट आणि फितुरी यांतला फरक पत्रावरून कसा कळणार?

मग १६११ मध्ये त्याच्याशिवाय मोहीम झाली. ठरलं असं, की अब्दुल्लाखानाने नाशिकच्या बाजूने आणि खानजहान, मानसिंग वगैरेंनी वऱ्हाडच्या बाजूने एकाच वेळी यायचं. अब्दुल्लाखानाला श्रेय एकट्याला हवं होतं. तो दुसऱ्यांसाठी थांबला नाही. मलिक अंबरच्या बारगिरांनी त्याला असा कापला की तो बागलाणमार्गे गुजरातेत पळाला. ते ऐकून दुसरी फौजही मागे फिरली. आता जहांगीरापुढे कुणाचं नाव होतं? १६१२ मध्ये रहीम वाढीव, सहा हजारी मनसबीने पुन्हा दख्खनला. दोन वर्षांत तो काही बदलला नव्हता. त्याच्या जागी आलेल्यांचं काम तेवढं दिसलं होतं.

ही पुढची वर्षं त्याची बऱ्हाणपुरातली सगळ्यात चांगली. १६१५ च्या शेवटी इंग्रज वकील सर टॉमस रो तिथून गेला. शहजादा परवेझला त्याने दारूची पेटी भेट दिली आणि ठरलेली पुढची भेट त्या दारूतच बुडाली. नाव शहजाद्याचं आणि कारभार खानाचा, हे या परक्या माणसाच्याही चार दिवसांत लक्षात आलं. याच काळात कुंडी भंडाऱ्याचं काम झालं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने, ओळीने खोदलेल्या कुंड्यांतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. इराणी भूगर्भतज्ज्ञ तबकुतुल अर्ज याने ही योजना आखली. त्यातलं पाणी आजही येतं. मनसब मात्र वाढायची ती लढायांवर, पाण्यावर नव्हे.

१६१६ मध्ये रहीमचा थोरला मुलगा शाहनवाजखान याच्याकडे बाळापूरला काही निजामशाही आणि मराठे सरदार फुटून आले. बापाच्या त्या बदनाम गाठीभेटींचं हे फळ म्हणायला हरकत नाही. शाहनवाजने रोशनगावला मलिक अंबरचा पराभव केला आणि त्याची राजधानी खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, उद्ध्वस्त केली. त्यानंतर शहजादा खुर्रम थाटाने बऱ्हाणपुरात आला, तह झाला, आणि १६१७ मध्ये शहाजहान हा किताब खुर्रमला मिळाला. रहीमच्या घराकडे काहीच आलं नाही असं नाही. शाहनवाजची मुलगी शहाजहानला दिली. ही सोयरीक मोठी वाटली असेल तेव्हा.

१६१९ मध्ये शाहनवाज गेला, तोही दारूने. रहीमला निरोप देताना जहांगीराने त्याला मुलाच्या पिण्याबद्दल सावध केलं होतं. बऱ्हाणपुरात उतावळी नदीकाठी शाहनवाजची कबर आहे. लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. लवकरच दुसरा मुलगा, रहमानदाद, गेला. १६२० मध्ये तह मोडून मलिक अंबर थेट बऱ्हाणपूरच्या तटापर्यंत आला आणि म्हातारा सुभेदार आत अडकला. शहाजहान फौज घेऊन आला तेव्हा सुटका झाली.

आणि मग १६२२-२३ मध्ये शहाजहानने बापाविरुद्ध बंड केलं. रहीम त्याच्या बाजूला गेला. नातजावई, वर्षानुवर्षांचा संबंध, दख्खनची फौज, सगळं त्या बाजूला. दोन धन्यांची चाकरी होत नाही, हे शुभवर्तमानातलं वचन आपण आपल्या चॅपलमध्ये ऐकतो आणि पैशापुरतं समजून सोडून देतो. रहीमच्या बाबतीत ते अगदी शब्दशः आलं. जहांगीराने आठवणींत लिहिलं, की सत्तरीच्या घरात या माणसाने तोंड काळं केलं. लगेच पुढे बापाचं बंड काढलं: बैरामखानानेही शेवटी हेच केलं होतं, लांडग्याचं पिल्लू लांडगाच होतं. १५६१ मध्ये जोडलेली फाईल उघडली ती ही. १६०८ ची मिठी देणारा आणि हे लिहिणारा हात एकच.

तिकडेही तो टिकला नाही. त्याने महाबतखानाला लिहिलेलं गुप्त पत्र शहाजहानच्या हाती पडलं. बोलावून विचारलं तेव्हा त्याला उत्तर देता आलं नाही. कैद झाली. पुढे बोलणी करायला दुसरं कुणी वजनदार नव्हतं म्हणून त्यालाच, कुराणावर शपथ घ्यायला लावून, नर्मदेकडे पाठवलं. पण बादशाही फौज नदी उतरून अलीकडे आली आणि रहीम तिला मिळाला. घरची माणसं शहाजहानच्या ताब्यात राहिली.

इथे मला त्याचा कैवार घेता येत नाही. वय झालं होतं, चहूकडून कोंडी होती, हे मान्य. पण आयुष्यभर जी शंका त्याच्यावर खोटी किंवा अर्धी खोटी घेतली गेली, तिला त्याने शेवटी स्वतःच्या सहीने पुरावा दिला.

भोगलं मुलाने. दाराबखानाला शहाजहानने बंगालचा सुभेदार केलं आणि त्याचा मुलगा ओलीस ठेवला. माघारीच्या वेळी दाराब बोलावूनही आला नाही, म्हणून तो मुलगा मारला गेला. दाराब बादशाही फौजेच्या हाती पडला, तर १६२५ मध्ये महाबतखानाने जहांगीराच्या हुकमाने त्याचं डोकं उडवलं. एकाने त्याला बादशहाचा माणूस समजून शिक्षा केली, दुसऱ्याने शहाजहानचा समजून. ते डोकं झाकून, टरबूज आहे असं सांगून, रहीमकडे पाठवलं, अशी कथा आहे. खानखाना हा किताब काढून महाबतखानाला दिलेला होता.

या पडत्या काळात एक माणूस रहीमच्या बाजूला उभा राहिला. मियाँ फहीम, त्याच्या घरात वाढलेला सेवक. महाबतखानाने रहीमला पहाऱ्यात घ्यायचं ठरवलं तेव्हा आधी फहीमला पैसा आणि पद देऊ करून फोडायचा प्रयत्न केला. तो फुटला नाही, लढत मेला. रहीम स्वतः कसा साहेब होता, हे यावरून थोडं कळतं.

त्याच सुमारास जहांगीराने रहीमला दरबारात बोलावलं. म्हातारा शरमेने मान वर करीना. बादशहाने समजूत घातली, जे झालं ते नशिबाचं होतं म्हणून, आणि खानखाना किताब, लाख रुपये आणि कनौजची जहागीर दिली. समोर आलेला रहीम बघून जहांगीर पुन्हा विरघळला. त्याच्याबाबत असं नेहमीच व्हायचं.

१६२६ मध्ये महाबतखानानेच झेलमकाठी बादशहाला कैद केलं. ते प्रकरण मिटल्यावर त्याचा पाठलाग करायला रहीमने स्वतःहून नाव दिलं. सत्तर वर्षांच्या माणसाला सात हजारी मनसब मिळाली, महाबतखानाच्या जहागिरी मिळाल्या. लाहोरला तो आजारी पडला. दिल्लीपर्यंत आणला, तिथे १६२७ मध्ये गेला. अकबराने नाराज होऊन दख्खनहून परत बोलावलं त्याच १५९८ साली त्याची बायको माहबानू वारली होती. तिच्यासाठी त्याने निजामुद्दीनजवळ मकबरा बांधवला होता. त्यातच त्याला पुरलं. पुढे अठराव्या शतकात त्या मकबऱ्याचा संगमरवर काढून सफदरजंगच्या मकबऱ्याला लावला.